चौथ्या मशीनवर

खानापुरात स्टेशन रोडला, झेरॉक्सच्या दुकानावर
मडिवाळ सरांचा क्लास.
मशीन चार. चौथ्यावर दोन सिस्टिम.
बटण दाबलं की काळ्या पडद्यावर दोन नावं
आणि दहा सेकंद.
तेवढ्यात ठरवायचं. नाही ठरवलं
तर तेच ठरवतं, आणि दर वेळी विंडोज.

तिथं सीडी म्हणजे ई.
घातली की घरघरते, खिडकी उघडते,
विचारते, काय करू.
लिनक्समध्ये ती कुणीच नसते,
आपण माऊंट लिहून, जागा सोडून
रस्ता सांगेपर्यंत.
मी जागा सोडायला विसरायचो.
सर म्हणायचे, "एस्टीत सोडत नाहीस ते नाही,
इथं तरी सोड की मधे."

मार्चमधली गोष्ट. तीनला येणारी लाईट
अडीचलाच आली, त्या दिवशी
नंदगडच्या शेवंताक्का कुंभार जिना चढून आल्या,
साबणाच्या खोक्यात सीडी घेऊन.
मी सांगणार होतो, कडेनं धरा, बोट लावू नका.
त्यांनी कडेनंच धरली होती,
चाकावरून कच्चं झाकण उतरवताना धरतात तशी.

वर स्केचपेननं: भरमाणी, भजन, बेळगाव.
भाच्यानं गेल्या साली भरून घेतलेलं,
माणूस असताना.
"हेच्यात हाय म्हनत्यात त्यो.
बघ की, हाय काय."

विंडोजमध्ये अकरा फायली निघाल्या.
ट्रॅक एक, ट्रॅक दोन,
प्रत्येकीपुढं साइझ: एक केबी.
सगळ्या एका मापाच्या, कौलांसारख्या.
आवाजाचं कार्ड या मशीनला कधी नव्हतंच.
"एक केबी म्हंजे किती?"
"चिठ्ठी मावते, अक्का. अर्धं पान."
"चाळीस वर्सं गायला की रं त्यो."

रीस्टार्ट.
माऊंट लिहिलं, जागा सोडली,
रस्ता बरोबर दिला.
उत्तर आलं: यावर फाइल सिस्टिमच नाही.
तिसऱ्यांदाही तेच.
मी सतरा वर्षांचा, दोन्ही दारं ठोठावून आलेला.
सांगून टाकलं, "रिकामी आहे."

त्या काही बोलल्या नाहीत.
सीडीही परत मागितली नाही.

सर खालून चहा घेऊन आले,
ऐकून घेतलं, कप खिडकीत ठेवला.
मशीन बंद करून परत चालू केलं.
दहा, नऊ, आठ,
सातला बाण दाबून मोजणी थांबवली.
दोन्ही नावं तशीच उभी. कुणालाच बोलावलं नाही.
मग वाकून, ट्रेच्या खालचं
हरभऱ्याएवढं बटण दाबलं,
जे मी वर्षभर फडक्यानं पुसत होतो.
शेजारच्या भोकात वॉकमनचा हेडफोन.
शेवंताक्कांच्या अंबाड्यावरून तो बसेना,
म्हणून उलटा, हनुवटीखालून.

मला ऐकू आला नुसता टाळ,
मुंगीएवढा.
"काय गातायत? मराठी की कन्नड?"
"काय?" त्या ओरडल्या,
कान भरलेली माणसं ओरडतात तशा.
खालचा झेरॉक्सवाला जिन्यातून डोकावून गेला.
मग मला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी
"हौदु," म्हणाल्या.
बऱ्याच वेळानं, "व्हय की."

बेचाळीस मिनिटं.
पडद्यावर सातचा आकडा.

पैसे विचारले तेव्हा सर म्हणाले,
"मी काय केलो? बटण दाबलो तेवढंच."
चहावर साय धरली होती.

ट्रे बाहेर आला. सीडी कोमट.
त्यांनी ती तळहातावर तोलून पाहिली,
आत नीट भाजलंय का बघावं तशी,
आणि खोक्यात ठेवली.

पुढच्या सोमवारी परत आल्या,
अंबाडा खाली, मानेवर बांधून.